म्हसोबाचा चढ

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या वहिनींचं. त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी आठवीत होतो, आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी 'अहो' म्हणालं. आमच्याकडे, लातूरकडच्या तालुक्याच्या गावात, दिराला भावजी म्हणतात आणि त्याच्याशी अहो-जाहोनंच बोलतात, मग दीर हाफ चड्डीत का असेना. "भावजी, उठा. चहा ठेवलाय. इतिहास राहिलाय तुमचा." पहाटेच्या अंधारात हे ऐकून मी उठायचो. इतिहासाच्या ओढीनं नव्हे. एवढ्या मानानं उठवल्यावर झोपून राहणं बरं दिसत नसे.

वहिनी दहावी पास होत्या. आमच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. वडील सही करत, भाऊ सातवीनंतर गॅरेजला लागला होता. त्यामुळे माझा अभ्यास घेण्याचं खातं आपोआप त्यांच्याकडे गेलं. आई आदल्या वर्षी गेली होती, म्हणून भाकऱ्याही त्यांच्याकडेच गेल्या. दोन्ही कामांना वेळ एकच होता. मग त्यांनी अभ्यास भाकरीत बसवला.

त्या परातीपुढे आणि मी शेजारी पाटावर. धडा मोठ्यानं वाचायचा. मी घाईनं वाचायचो, वाक्यांच्या शेपट्या गिळायचो, आणि परिच्छेद संपायच्या आत माझा दम संपायचा. हात न थांबवता त्या म्हणायच्या, "दमानं, भावजी. कुणी मागं लागलंय का?" हळूहळू एक रीत बसली. भाकरी थापायला घेतली की वाक्य सुरू करायचं. भाकरी तव्यावर पडली की थांबायचं, श्वास घ्यायचा. पुढचा गोळा परातीत आला की पुढचं वाक्य. मी भलत्या ठिकाणी श्वास घेतला तर त्या थापणं थांबवून माझ्याकडे बघत, आणि भाकरी एका बाजूनं जाड होई. ती जाड भाकरी माझ्या ताटात यायची. माझा सगळा शालेय इतिहास असा ज्वारीवर झालेला आहे.

मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं. त्या बाबतीत वहिनी कडक होत्या. "तीर्थरूप फक्त आईवडिलांना, भावजी. बाकीच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. गुण हितंच जातात." मी काल्पनिक मित्राला सहलीचं वर्णन कळवलं, काल्पनिक काकांचे घड्याळाबद्दल आभार मानले, काल्पनिक अधिकाऱ्यांकडे तुंबलेल्या गटाराची तक्रार केली. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत माझी सगळ्यांना पत्रं लिहून झाली होती. फक्त खऱ्या माणसाला एकही लिहिलं नव्हतं.

पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो. पदवीचा फोटो, काळा झगा आणि हातात गुंडाळी असलेला, वहिनींनी देवांच्या शेजारी लावला. दसऱ्याला देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. मी घरी असलो तर मला समोर उभं राहून ते बघावं लागतं.

आता मी चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवतो. राहायला चिखलीत, दोघांत एक फ्लॅट. भाग तपासायचं माझं काम मला येतं. भाग बोलत नाहीत. अडचण आहे ती ऑडिटची. आमचा माल घेणाऱ्या कंपनीची माणसं येतात, कॉन्फरन्स रूममध्ये बसतात, समोरच्या बिस्किटांना हात लावत नाहीत, आणि आपण पडद्यावर एकेक स्लाइड लावून इंग्रजीत सांगायचं असतं की आमच्याकडे सगळं ठीक आहे. ते सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच ऑडिटला तिसऱ्या स्लाइडवर माझा दम गेला. शब्द होते, व्याकरणही होतं, हवा नव्हती. मी टेबल धरून उभा राहिलो. उरलेलं आमच्या साहेबांनी सांगितलं, आणि पाहुण्यांना म्हणाले की याला सर्दी झालीय. पुढच्या ऑडिटला मी पुन्हा तिथंच थांबलो, तिसऱ्या स्लाइडवर. त्या वेळी ऐन उन्हाळा होता. सर्दीही सांगता येईना.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"राव, काम तुझं एक नंबर आहे. पण पुढच्या ऑडिटला जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी दुसऱ्याला उभं करतो, तू स्टोअरला जा. तिथं कुणाशी बोलायचं नसतं."

ते वाईट हेतूनं म्हणाले नव्हते. पण माझं मन स्टोअरच्याही पुढे निघून गेलं. राजीनामा द्यावा, गावी जावं, भावाच्या गॅरेजात बसावं, असं मी जवळजवळ ठरवत आणलं. अडत होतं ते एका ठिकाणी. वहिनींना काय सांगायचं? तो फोटो काढावा लागला असता, आणि भिंतीवर त्याच्यामागचा न विटलेल्या रंगाचा चौकोन राहिला असता. मी त्या चौकोनाचा फार विचार करायचो.

कंपनीच्या दवाखान्यात एक डॉक्टर बाई आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी छाती तपासली. "छाती उत्तम आहे. तुमचा दम छातीत नाही, डोक्यात अडतो. रोज पळत जा."

"जेवणाआधी की जेवणानंतर?" मी विचारलं.

त्यांनी स्टेथोस्कोप गुंडाळला. "पहाटे. आणि चढावर पळा. चढावर डोक्याला दुसरं काही सुचत नाही."

हे शेवटचं वाक्य सोडून त्यांचं सगळं बरोबर निघालं.

चढ शोधावा लागला. चिखलीत चढ आहेत, पण ते पार्किंगचे. महाळुंग्याच्या पलीकडे, कंपन्यांच्या पाठीमागे एक डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर एक लहान देऊळ आहे. पहाटे बाइकवर निघायचं, डोंगर करायचा आणि पहिल्या शिफ्टला गेटवर हजर व्हायचं, असं ठरवलं. मी घरातून निघायचो तेव्हा माझा रूम पार्टनर रात्रपाळी करून जिना चढत असायचा. तो कोकणातला आहे आणि स्पष्ट बोलतो. "भावा, या वेळेला जागं राहायचे मला पैसे देतात. तुला कोण देतं?"

पहिल्या दिवशी कपडे बदलण्याचा वेळ वाचावा म्हणून मी गणवेशातच गेलो. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पायात सेफ्टी शूज. पायावर लोखंड पडलं तरी बोटं वाचावीत म्हणून या बुटांत पुढे पोलादाची वाटी असते. डोंगर चढताना माझ्या पायावर काही पडलं नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग होऊ शकला नाही.

पायथ्याचं शेवटचं घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं आहे. दारात गोठा, गोठ्यात एक गाय. डोंगराची वाट त्यांच्या वरच्या वावराच्या बांधावरून जाते. बाबा गोठ्यापुढे उभे राहून चूळ भरत होते. मी आवाज करत जवळ आलो तसे ते बांधावर येऊन उभे राहिले.

"मोजणीला आलाय व्हय?"

"नाही बाबा. पळायलाव."

गडबडलो की माझ्या तोंडून गावाकडचं क्रियापद निघतं. बाबांनी माझ्या मागच्या वाटेकडे लांबवर पाहिलं. वाट रिकामी होती.

"कुणापासनं?"

मराठीत पळणं म्हणजे धावणंही आणि पळून जाणंही. मला दोन्ही लागू होतं, म्हणून मी वाद घातला नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय," म्हणालो.

"मग दवाखान्याकडं पळायचं," बाबा म्हणाले. "डोंगरावर काय हाय?"

त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. त्या भागात जाकीट घातलेला माणूस पहाटे बांधावर दिसला की काही दिवसांनी खुणेचे दगड येतात, मग कुंपण येतं, मग वॉचमन. बाबांची खालची जमीन अशीच गेली होती आणि त्यांचे दोन्ही मुलगे आता त्याच कुंपणाच्या आत शिफ्ट करत होते. वरचं वावर तेवढं राहिलं होतं. जाकीट घालून, पोलादी बूट आपटत, त्या वावराच्या बांधावरून जाणारा माणूस हौसेनं जातोय यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवसापासून मी साधे बूट आणि बनियन घालून जायला लागलो. त्यानं बाबांचा संशय वाढला. त्यांना वाटलं, मी वेष बदललाय.

आता चढाबद्दल. वाट बांध सोडते आणि खडकाळ होते. जवळजवळ मध्यावर एक वळण आहे आणि वळणावर गुडघ्याएवढा एक गोल दगड. माझा दम त्या दगडापाशी संपायचा. रोज, बरोबर तिथंच. छातीत काहीतरी घट्ट व्हायचं, मी थांबायचो, गुडघ्यांवर हात ठेवायचो आणि खाली बघत उभा राहायचो.

पण काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दम जाण्याच्या थोडं आधीच डोकं थांबलेलं असतं. दगड दिसायला लागला की डोकं बैठक बोलावतं. विषय पहिला, डावा गुडघा. विषय दुसरा, बाइकचं हँडल लॉक केलं का? त्यानंतर गॅस. गॅस बंद केला का, हा प्रश्न मला घरात कधी पडत नाही. तो फक्त त्या वळणावर पडतो. डोकं तुम्हाला कधीही 'तू थकलास' असं म्हणत नाही. ते सभ्य असतं. ते म्हणतं, जरा थांबून विचार करू. आणि आपण शिकलेलो असल्यामुळे विचार करण्याला नाही म्हणता येत नाही. डॉक्टर बाईंचं ते वाक्य मला इथं रोज आठवायचं. चढावर डोक्याला जेवढं सुचतं तेवढं मला परीक्षेतही कधी सुचलेलं नाही.

थांबून थांबून का होईना, वर मी पोचायचो. देवळाच्या ओट्यावरून सगळा पट्टा दिसतो. निळे पत्रे, चिमण्यांची वाफ, रात्रपाळीला सोडायला आणि पहिल्या पाळीला आणायला निघालेल्या बसगाड्या, आणि लांब आळंदीच्या अंगाला इंद्रायणीवर पडलेलं धुकं. सूर्य त्याच बाजूनं येतो. आमच्या कंपनीचं छप्पर वरून काडेपेटीएवढं दिसतं. कॉन्फरन्स रूम दिसतच नाही. वर करण्यासारखं काहीही नसतं, आणि मला ते फार आवडतं. पळण्यात आनंद असतो का, असं मला विचारलं तर पळताना नसतो. तो नंतर ओट्यावर बसल्यावर होतो, आणि सरकारी निर्णयासारखा पूर्वलक्षी प्रभावानं लागू होतो. मग खालच्या दगडापासून सगळंच बरं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नसतो.

एका सकाळी वळणावर पोचलो तर दगड केशरी होता. ताजा शेंदूर, वर झेंडूची फुलं, पुढे फोडलेला नारळ. शेजारी बाबा, डोक्याला टोपी, धुतलेला सदरा.

"आज इकडं कसे?" मी धापा टाकत विचारलं.

"देवाला आलोय."

"कोणता देव?"

"म्हसोबा. लई जागृत हाय. पणज्याच्या टायमापासनं हाय आमचा."

आदल्या दिवशी मी त्याच दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली होती. ते मी बोललो नाही.

"देवाची जागा हाय ही," बाबा म्हणाले. "हितं मोजणी चालत न्हाई."

"बाबा, मी मोजणीचा नाही हो."

"त्ये झालंच. मी आपलं सांगून ठिवलं."

मी हात जोडले. त्या देवाशी माझी काही ओळख नव्हती, पण शेंदूर दिसल्यावर चौकशी करायची आमच्या घरात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशीही जोडले. नंतर रोज. दम लागून थांबलेला माणूस आणि देवापुढे थांबलेला माणूस लांबून सारखेच दिसतात. दोघेही वाकलेले असतात आणि दोघांचेही ओठ हलत असतात. आठवड्याभरात बांधावरून जाताना म्हातारी मला "जावा, जावा, देवाला जावा" म्हणायला लागली. पाण्याच्या बाटल्या कमरेला लावून पळणारी एका सोसायटीतली काही मंडळी त्या वाटेनं येतात. माझं बघून तेही वळणावर थांबून हात जोडायला लागले. सगळ्यांची सोय झाली.

असे काही महिने गेले. पाऊस येऊन गेला, वाटेवर गवत आलं आणि वाळलं. साहेबांनी ऑडिटचा दिवस सांगितला. "ठरव राव," म्हणाले. मी म्हणालो, ठरवतो. आणि त्याच आठवड्यात एका पहाटे मी वळणावर पोचलो आणि मला कळलं की माझ्याकडे दम शिल्लक आहे. पाय चालत होते, छाती मोकळी होती. मी सरळ पुढे जाऊ शकलो असतो.

पण समोर म्हसोबा होता. आजवर रोज थांबलो आणि आज ऑडिट तोंडावर आलेलं असताना न थांबता निघून गेलो तर ते कसं दिसेल? मी थांबलो. हात जोडले. दम नसताना थांबणं सोपं होतं, दम असताना थांबल्यावर छाती दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. मला स्वच्छ दिसत होतं की डोक्यानं आता देवालाही बैठकीला बसवलंय. आणि हेही दिसत होतं की या दगडापाशी थांबणारा माणूस तिसऱ्या स्लाइडवरही थांबणार. पण दिसून उपयोग काय? पार्टनरला सांगितलं. तो झोपेत म्हणाला, "देवाकडे सुट्टीचा अर्ज टाक."

शेवटी मी बाबांनाच विचारायचं ठरवलं. खाली उतरताना गोठ्यापाशी थांबलो. म्हातारी शेण काढत होती.

"बाबा, मी न थांबता वर गेलो तर म्हसोबाला चालेल का?"

बाबांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी कंबर सरळ करून हसायला लागली.

"सांगा की आता. किती दिस वाकायला लावताय त्या लेकराला?"

बाबा जरा वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, खरं सांगू का? त्यो म्हसोबा आमी तुमच्यामुळंच बसवलाय."

"माझ्यामुळं?"

"तुमी रोज त्याच धोंड्यापाशी थांबायचा. वाकून खाली बगायचा. मला वाटलं, ह्यो गडी हितंच खूण मारणार. म्हणलं, खूण बसायच्या आधी देव बसवू."

"आणि पणजोबांच्या वेळचा, ते?"

"त्ये आपलं बोलायचं असतं."

मला बरं वाटलं. "म्हणजे तो देव नाही. मग मी जाऊ शकतो."

"आसं कसं?" बाबा दचकले. "बसवला न्हवं का? आता हाय."

"पावला बी," म्हातारी म्हणाली. "गाय गाभण ऱ्हात नव्हती. नवस बोलले, ऱ्हायली."

मी गाईकडे पाहिलं. ती गाभण होती, त्यात काही शंका नव्हती.

"मग मी थांबू का जाऊ?"

बाबांनी विचार केला. "येष्टीचा डायवर काय करतो? वाटंत देऊळ लागलं म्हणून गाडी हुबी करतो व्हय? छातीला हात लावतो आन् जातो. देवाला बी ठावं असतं, त्येला टायमावर पोचायचं हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा आणि म्हातारी दोघेही बांधावर येऊन उभे होते. मी खडकाळ वाटेला लागलो. दगड दिसला तशी बैठक भरली. गुडघा, हँडल लॉक, गॅस. मी बैठकीला गेलो नाही असं म्हणणार नाही, गेलो. पण तिथं बसल्या बसल्या मी तिसरी स्लाइड म्हणायला लागलो. मोठ्यानं आणि इंग्रजीत, वहिनींच्या भाकरीवर. वाक्य सुरू, थाप, थाप, थाप. वाक्य संपलं, भाकरी तव्यावर, श्वास. पुढचा गोळा, पुढचं वाक्य. घाई केली की पाय अडखळत होते. 'दमानं' या शब्दाचा अर्थ मी इतकी वर्षं 'हळू' असा घेत आलो होतो. वळणावर तो शब्द मला जसा लिहितात तसा दिसला. दमानं म्हणजे दम वापरून. उजवा हात छातीला लावला आणि म्हसोबाच्या पुढून गेलो.

मागून बाबांची हाक आली, "निघाली गाडी!"

माथ्यावर पोचलो तेव्हा ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. मी त्याच्या शेजारी बसलो. ऑडिटला मी उभा राहणार, असं साहेबांना त्या दिवशी सांगितलं.

ऑडिटला पाहुणे आले, बसले, बिस्किटांना हात लावला नाही. पहिली स्लाइड झाली, दुसरी झाली. तिसरी पडद्यावर आली आणि छातीत ते घट्ट काहीतरी आपल्या जागेवर येऊन बसलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. दगड जागेवरच असणार. साहेब खुर्चीत पुढे सरकलेले मला दिसले. माझा हात आपोआप छातीकडे गेला. समोरच्या मुख्य पाहुण्यांना वाटलं मी त्यांना नमस्कार केला. तेही छातीला हात लावून किंचित झुकले. मग त्यांच्या शेजारचेही झुकले. तेवढ्या वेळात माझा श्वास घेऊन झाला.

एक वाक्य, एक भाकरी. मी कुणाच्याही इंग्रजीपेक्षा सावकाश बोललो. पाहुण्यांना एवढा वेळ मिळाला की त्यांनी बिस्किटं खाल्ली. बशी रिकामी झाली. आमच्या विभागात असं पूर्वी झालं नव्हतं. शेवटच्या स्लाइडपर्यंत मीच बोलत होतो.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "एक नंबर, राव. पण केवढं सावकाश! जेवण गार झालं सगळं." मी सॉरी म्हणालो. स्टोअरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

वहिनींना हे कळवायचं होतं. पण फोन त्यांच्या हातात एक वाक्य टिकतो. "जेवलात का भावजी?" एवढं विचारून त्या तो भावाकडे देतात. शिवाय त्यांना सांगायचं ते एका श्वासात सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून रविवारी ओट्यावर बसून पत्र लिहिलं आणि सोमवारी पोस्टात टाकलं. ते असं होतं.

*

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इकडे खुशाल आहे. तुम्हीही खुशाल असाल. पत्र का पाठवलं म्हणून घाबरू नका. कुणी आजारी नाही आणि माझं लग्नही ठरलेलं नाही.

मधले काही महिने माझं इथं मन लागत नव्हतं. चार लोकांपुढे उभं राहून बोलायचं काम आलं की माझा दम जायचा. नोकरी सोडून गावी यावं असं मनात आलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, कारण मग तो फोटो काढावा लागला असता. आता येत नाही. दिवाळीला येतो, तसा.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज पहाटे एका डोंगरावर पळत जातो. मागे कुणी लागलेलं नाही. वाटेत एक म्हसोबा आहे, तो माझ्यामुळे बसला आहे. हे पत्रात नीट सांगता येणार नाही, समोर सांगतो. परवा ऑफिसात सगळ्या पाहुण्यांपुढे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललो. भाकरीच्या चालीवर बोललो. ते कुणाला कळलं नाही. साहेब म्हणाले फार सावकाश होतं. तुम्ही असता तर मला जाड भाकरी मिळाली नसती असं वाटतं.

एकदा इकडे या. दादांना गॅरेज बंद ठेवायला लावा आणि दोघं या. डोंगरावर आपण चालत जाऊ, दमानं. वर गेल्यावर करण्यासारखं काहीच नाही. तुम्हाला काहीही न करता बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार सांगावा. पत्रात चुका असतील त्या लाल पेनानं काढून ठेवाव्यात, आलो की बघतो. मायना मात्र मी दोनदा तपासला आहे. तो बरोबर आहे.

आपला आज्ञाधारक,
भावजी